‘कार्ड वाचता आले नाही’: स्मार्ट कार्ड आणि रीडर यांच्यातील तुटलेला दुवा कसा शोधावा

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील दूध संकलन केंद्रांसाठी आणि जिनिंगच्या वजनकाट्यांसाठी सभासद-कार्डाचे सॉफ्टवेअर लिहिणे आणि ते चालू ठेवणे, हे माझे काम आहे. सकाळच्या दुधाची रांग लागलेली असताना फोन येतो आणि वाक्य बहुतेक वेळा एकच असते: “दादा, मशीन कार्डच वाचस नही.” पडद्यावर दिसणारा संदेशही तितकाच मोघम असतो. हा दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता रीडर बदलण्याचा किंवा विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर मी आधी थांबायला सांगतो. कारण या एका वाक्याआड निदान पाच निरनिराळे दोष लपलेले असतात आणि त्यांतील बहुतेकांना एक रुपयाही लागत नाही.

लक्षणे

पहिले काम म्हणजे मोघम संदेशाच्या जागी खरा संकेतांक पाहणे. विंडोजमधील पीसी-एससी या, सॉफ्टवेअर आणि रीडर यांना जोडणाऱ्या, व्यवस्थेचे प्रत्येक फंक्शन एक संकेतांक परत देते. तो षोडशमान (हेक्साडेसिमल) पद्धतीत वाचायचा असतो. ए ते एफ ही त्यातील अक्षरे मी येथे देवनागरीत लिहिली आहेत. अनेक प्रोग्रामिंग भाषांमध्ये हा आकडा ऋण दशमान संख्या होऊन दिसतो आणि त्यामुळे ओळखू येत नाही: उणे २१४६४३४९७० असे दिसले, तर तो प्रत्यक्षात ८०१०००६६ असतो.

संकेतांक ८०१०००१डी असेल, तर स्मार्ट कार्डची सर्व्हिसच चालू नाही. ८०१०००२ई असेल, तर सर्व्हिस चालू आहे, पण तिला एकही रीडर दिसत नाही. ८०१००००सी म्हणजे रीडर दिसतो, पण त्याच्या मते आत कार्ड नाही. ८०१०००६६ म्हणजे कार्ड आत आहे, त्याला वीज दिली गेली, पण ते बोलले नाही. ८०१००००बी म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रामने कार्ड धरून ठेवले आहे. ८०१०००६८ म्हणजे मधल्या काळात कार्ड रीसेट झाले, आणि ८०१०००६९ म्हणजे ते मध्येच काढले गेले. या सर्वांहून वेगळे लक्षण म्हणजे दोषाचा एकही संकेतांक येत नाही, कार्ड नीट उत्तर देते, पण उत्तराच्या शेवटचे दोन बाइट ९०००, म्हणजे ‘काम झाले’, असे नसतात. तेथे रीडर, तार आणि सर्व्हिस हे तिन्ही निर्दोष असतात आणि शोध आज्ञेच्या मजकुरात घ्यावा लागतो.

हे संकेतांक पडद्यावर येत नसतील, तर सॉफ्टवेअरमध्ये सर्वांत आधी तीच सुधारणा करावी. वेळ, फंक्शनचे नाव, रीडरचे नाव आणि आठ अंकी संकेतांक एवढी एक ओळ नोंदवहीत गेली, तरी अर्धे निदान फोनवर होते. मात्र या नोंदवहीत पिन असलेली आज्ञा जशीच्या तशी लिहू नये. पिन तपासण्याची आज्ञा बहुधा ०० २० ने सुरू होते, तिचा डेटा पुसूनच नोंद करावी.

कार्ड आणि खाच

सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे अदलाबदल. तेच कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये आणि दुसरे चालते कार्ड याच रीडरमध्ये घालून पाहावे. या दोन मिनिटांत दोष कार्डाचा, रीडरचा की त्याच्या मागच्या संगणकाचा हे ठरते, आणि ते ठरल्याशिवाय पुढे केलेली प्रत्येक गोष्ट अंदाजाने केलेली असते. कार्डाची सोनेरी चिप योग्य बाजूला आणि आतल्या दिशेला आहे ना, हेही याच वेळी पाहावे. गर्दीत कार्ड उलटे घातले जाते आणि तेव्हा मिळणारा संकेतांक ६६ हाच असतो.

जिनिंगच्या ठिकाणी मी याच्याही आधी टॉर्च मागतो. एका काट्याच्या खोलीत नोव्हेंबरात तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा रीडर ‘बिघडला’ होता. खाचेत उजेड टाकून पाहिले, तर अगदी आतल्या टोकाला रुईचे तंतू कार्डाने पुनःपुन्हा आत दाबले जाऊन नमद्यासारखे घट्ट बसले होते. कार्ड आत आल्याचे ओळखणारी कळ त्याच टोकाला असते. कार्ड मिलिमीटरभर बाहेर राहत होते, कळ दाबली जात नव्हती आणि रीडर प्रामाणिकपणे सांगत होता की आत कार्ड नाही. यूएसबी काढून, लाकडी दातकोरणीने तो थर अलगद ओढून काढल्यावर रीडर लगेच चालू झाला. तेव्हापासून हंगामात दर शनिवारी खाच साफ करणे आणि रात्री रीडरवर कापड टाकणे, एवढे दोन नियम मी तेथे लावून दिले आहेत.

कार्डाच्या सोनेरी पट्ट्या मऊ, कोरड्या कापडाने पुसाव्यात. दुधाचा किंवा तेलाचा चिकटा असेल, तर कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घ्यावेत. पॉलिश पेपर कधीही वापरू नये, कारण सोन्याचा थर अत्यंत पातळ असतो आणि तो गेला की खालचा धातू गंजतो. मे महिन्यात भुसावळ-यावलकडे बंद गाडीच्या काचेखाली राहिलेली कार्डे वाकतात. वाकलेले कार्ड आतील स्प्रिंगवर सारखे टेकत नाही, म्हणून ते कधी चालते आणि कधी चालत नाही. अशा कार्डावर वेळ घालवू नये. ते बदलून द्यावे.

स्पर्शाविना चालणाऱ्या कार्डांचा प्रश्न वेगळा आहे. १३.५६ मेगाहर्ट्‌झची कार्डे आणि हजेरीच्या यंत्रांची जुनी १२५ किलोहर्ट्‌झची कार्डे बाहेरून सारखीच दिसतात, परंतु एकासाठीचा रीडर दुसऱ्याला ओळखणे शक्य नसते. रीडर पत्र्याच्या टेबलावर ठेवला असेल, तर धातू त्याचे चुंबकीय क्षेत्र शोषतो; खाली दोन-तीन सेंटिमीटर जाडीची लाकडी फळी ठेवून पाहावी.

तार, यूएसबी आणि झोपी जाणारा पोर्ट

यानंतर रीडर हबमधून काढून थेट संगणकाच्या मागच्या पोर्टमध्ये लावावा. रीडरला कार्डासाठीची वीज याच तारेतून मिळते. हबवर प्रिंटर, स्कॅनर आणि वजनकाट्याचा जोड असे सगळे असेल, तर कार्डाला वीज देण्याच्या क्षणी ती कमी पडू शकते. रीडर सकाळी चालतो आणि दुपारच्या शांततेनंतर संध्याकाळच्या पाळीला दिसत नाही, असे असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंट या पानावरील ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावे’ अशा अर्थाची खूण काढून टाकावी.

डिव्हाइस मॅनेजरमध्येच एक पिवळे चिन्ह लोकांना फसवते. कार्ड घातल्यावर विंडोज त्या कार्डासाठीही ड्रायव्हर शोधते आणि तो मिळाला नाही, तर ‘अनोळखी स्मार्ट कार्ड’ अशी नोंद पिवळ्या चिन्हासह दाखवते. ती नोंद कार्डाची आहे, रीडरची नव्हे. आपले सॉफ्टवेअर कार्डाशी थेट आज्ञांनी बोलत असेल, तर त्या ड्रायव्हरची गरजच नसते. हे चिन्ह घालवण्यासाठी चालत्या रीडरचा ड्रायव्हर काढून टाकलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि मग मूळ दोषात आणखी एकाची भर पडते. सीसीआयडी या मानक वर्गातल्या रीडरसाठीचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासूनच असतो.

दूरून जोडून पाहताना

ही तपासणी मी मुद्दाम स्वतंत्र लिहितो, कारण यात माझा स्वतःचा एक पूर्ण दिवस गेला आहे. शहाद्याच्या संगणकाला जळगावहून रिमोट डेस्कटॉपने जोडले आणि रीडरची यादी मागितली की ती रिकामी येते, जरी शहाद्याला रीडर लावलेला आणि चालू असला तरी. रिमोट डेस्कटॉपच्या सत्रात विंडोज स्मार्ट कार्डाच्या सर्व हाका जोडणाऱ्याच्या संगणकाकडे वळवते. म्हणजे रीडर शहाद्याच्या टेबलावर असतो आणि शोध माझ्या टेबलावर चाललेला असतो. म्हणून अशा वेळी तेथे बसलेल्या माणसाचाच पडदा दाखवणारे साधन वापरावे, किंवा त्यालाच प्रोग्राम चालवायला सांगून नोंदवही मागवावी.

सर्व्हिस

विंडोज ८ पासून शेवटचा रीडर काढला गेला की स्मार्ट कार्डची सर्व्हिस आपोआप थांबू शकते, आणि रीडर पुन्हा लावल्यावर ती पुन्हा सुरू होते. सॉफ्टवेअरने मात्र सकाळी घेतलेला संदर्भ, म्हणजे सर्व्हिसशी जोडलेला दुवा, तोपर्यंत निकामी झालेला असतो. झाडताना तार निघाली, पुन्हा लावली, दिवा लागला, तरी सॉफ्टवेअर बंद करून उघडेपर्यंत काही चालत नाही, अशी तक्रार आली की कारण बहुधा हेच असते. सर्व्हिस थांबल्याचा संकेतांक, म्हणजे १डी किंवा १ई, आला की जुना संदर्भ सोडून नवा घ्यावा आणि रीडरची यादी पुन्हा मागावी. जावामध्ये हा संदर्भ आतल्या आत साठवला जातो, त्यामुळे तेथे विशेष काळजी घ्यावी लागते.

त्याच ठिकाणी रीडरचे नावही तपासावे. विंडोज नावाच्या शेवटी क्रमांक जोडते आणि पोर्ट बदलला की त्या शून्याचा एक होऊ शकतो. संपूर्ण नाव सेटिंगमध्ये लिहून ठेवलेले सॉफ्टवेअर समोर असलेला रीडर नाकारते. नावाचा केवळ आरंभीचा भाग जुळवावा.

लिनक्सवर याच जागी पीसीएससीडी ही सेवा चालू आहे का ते पाहावे आणि पीसीएससी-स्कॅन हा छोटा प्रोग्राम चालवावा. तो रीडरचे नाव आणि वीज मिळताच कार्ड देते ते पहिले उत्तर दाखवतो. विंडोजवर सर्टयुटिल या आज्ञेचा एससी-इन्फो (scinfo) हा पर्याय तेच काम करतो, पण तो पिन मागतो. तेथे पिन न देता रद्द करावे. तपासणीसाठी पिन देण्याची काहीही आवश्यकता नाही.

कार्ड कोणी धरून ठेवले आहे

८०१००००बी हा संकेतांक आला, तर आपण विशेष-हक्काने, म्हणजे एक्सक्लुझिव्ह मोडमध्ये, कार्ड मागत आहोत का ते पाहावे. ग्रामपंचायतीची किंवा निविदांची कामे जेथे होतात, तेथे डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचे सॉफ्टवेअर त्याच संगणकावर चालू असते. विंडोजची स्वतःची एक सर्व्हिसही कार्ड घातल्याबरोबर त्यातील प्रमाणपत्रे शोधू लागते. म्हणून शेअर्ड मोडमध्ये जोडावे आणि बी आला, तर २०० मिलिसेकंदांच्या अंतराने पाच-सहा वेळा पुन्हा प्रयत्न करावा. तेवढ्याने बहुतेक ठिकाणी प्रश्न सुटतो.

आपल्याच कोडमधील दोष

येथून पुढे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे काम आहे. सर्वाधिक वेळा सापडणारा आणि सर्वांत उशिरा लक्षात येणारा दोष या टप्प्यातच असतो.

पाचोऱ्याकडच्या एका केंद्रावर कार्ड वाचले जायचे, शेतकऱ्याचे नाव पडद्यावर यायचे, पण फॅट आणि लिटर टाकून ‘जतन करा’ दाबले की कधी चालायचे आणि कधी ६८ चा संकेतांक यायचा. सचिवांच्या शेजारी बसून मी घड्याळ लावले. त्यांनी चटकन आकडे टाकले तेव्हा नोंद झाली. मशीनवर फॅट येण्याची वाट पाहावी लागली तेव्हा झाली नाही. कोड पाहिला, तर मी कार्ड घातल्याबरोबर बिगिन-ट्रान्झॅक्शन करून व्यवहार, म्हणजे कार्ड केवळ आपल्यासाठी राखून ठेवणे, सुरू करत होतो आणि जतन झाल्यावरच तो संपवत होतो. विंडोज ८ पासून नियम असा आहे की व्यवहार धरून ठेवला आणि पाच सेकंद कार्डाशी काहीच बोलणे झाले नाही, तर विंडोज कार्ड रीसेट करते. रीसेट झालेल्या कार्डाला आधी निवडलेली फाइलही आठवत नाही आणि तपासलेला पिनही आठवत नाही.

म्हणून माणूस टंकत असताना व्यवहार कधीही उघडा ठेवू नये. कार्ड वाचावे, व्यवहार लगेच संपवावा. जतन करताना नवा व्यवहार सुरू करावा, ॲप्लिकेशन पुन्हा निवडावे, सभासद क्रमांक पुन्हा वाचून तेच कार्ड आत असल्याची खात्री करावी, कारण तेवढ्यात कार्ड बदललेले असू शकते, आणि मगच लिहावे. ६८ आलाच, तर रीकनेक्ट करून हीच साखळी पहिल्यापासून चालवावी. केवळ शेवटची आज्ञा पुन्हा पाठवली, तर कार्ड ६९८२ असे उत्तर देते, आणि वाचणाऱ्याला वाटते की पिन चुकला.

दुसरा दोष प्रोटोकॉलचा. आयएसओ ७८१६ प्रमाणे स्पर्शाची कार्डे टी=० किंवा टी=१ या पद्धतीने बोलतात. जोडताना दोन्हींची तयारी दाखवावी आणि प्रत्यक्षात कोणता ठरला हे कनेक्ट फंक्शन परत सांगते, तोच आज्ञा पाठवणाऱ्या ट्रान्समिट फंक्शनला द्यावा. येथे एक पद्धत कायमची लिहून ठेवलेली असेल, तर कार्डांची नवी खेप आली की जुनी कार्डे चालतात आणि नवी चालत नाहीत.

टी=० मध्ये आणखी एक अडचण येते. उत्तर ६१ ने सुरू झाले, तर डेटा तयार आहे आणि तो ०० सी० ०० ०० या आज्ञेने, दुसऱ्या बाइटमध्ये सांगितलेल्या लांबीने, मागून घ्यायचा असतो. ६सी आले, तर आपण मागितलेली लांबी चुकली. दुसऱ्या बाइटमधील लांबी घालून तीच आज्ञा पुन्हा द्यावी. ही दोन्ही उत्तरे दोष दाखवत नाहीत, तरी त्यांना दोष मानून काम थांबवणारे कोड मी बरेच पाहिले आहे. उत्तरासाठी निदान २५८ बाइटांची जागा ठेवावी: २५६ डेटाचे आणि दोन स्थितीचे.

उरलेली उत्तरे पटकन सांगतो. ६ए८२ म्हणजे ती फाइल किंवा ॲप्लिकेशन कार्डात नाही; बहुधा निवडीची पायरी राहिलेली असते किंवा कार्डच दुसऱ्या संस्थेचे असते. ६७०० म्हणजे लांबी चुकली. ६डी०० म्हणजे ही आज्ञा कार्डाला येत नाही, ६ई०० म्हणजे आज्ञेचा पहिला बाइटच त्याला मान्य नाही. ६एफ०० मध्ये कार्ड कारण सांगत नाही. जावा कार्डावर याचा अर्थ बहुधा आतील ॲप्लेटमध्ये (कार्डातल्या छोट्या प्रोग्राममध्ये) न हाताळलेली चूक घडली असा असतो, आणि ती बाहेरून दुरुस्त होत नाही.

कोठे थांबावे

६३सी३, ६३सी२, ६३सी१ ही उत्तरे पिनचे उरलेले प्रयत्न सांगतात. मी माझ्या सॉफ्टवेअरमध्ये ६३सी१ आले की पुढचा प्रयत्न बंदच करून टाकतो आणि इतरांनीही तसेच करावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ६९८३ आले म्हणजे पिन बंद झाला. येथून पुढे कार्ड देणाऱ्या संस्थेकडे अनलॉक करण्याचा संकेत असेल तरच कार्ड पुन्हा वापरता येते, आणि त्या संकेतालाही प्रयत्नांची मर्यादा असते. पुन्हा पुन्हा पिन पाठवणारा एखादा लूप चुकून राहिला, तर सकाळच्या एका रांगेत पन्नास शेतकऱ्यांची कार्डे निकामी होऊ शकतात. अनलॉकचा संकेत नसेल, तर ही चूक कुठल्याही साधनाने उलटवता येत नाही.

डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा पिन बंद झाला असेल, तर ‘इनिशियलाइज’ हे बटण दाबू नये. त्याने टोकन पुन्हा चालू होते, पण आतील खासगी किल्ली आणि प्रमाणपत्र कायमचे पुसले जाते. ते प्रमाणपत्र ज्यांनी दिले, त्यांनाच फोन करावा. बँकेच्या किंवा शासनाच्या कार्डावर स्वतःच्या आज्ञा आजमावून पाहू नयेत. ती दुरुस्ती कार्ड देणाऱ्यानेच करायची असते. कार्डाच्या लेखन-किल्ल्या (कार्डावर लिहू देणारे गुप्त संकेत) हरवल्या असतील, तर कार्डे तयार करून देणाऱ्या पुरवठादाराशिवाय मार्ग नाही.

रीडरच्या धातूच्या अंगाला किंवा संगणकाच्या पेटीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर वरील एकही तपासणी करू नये. मुख्य स्विच बंद करावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. ओल्या फरशीच्या संकलन केंद्रात ही गोष्ट जीवावर बेतू शकते.

अदलाबदलीत दोष रीडरचाच ठरला आणि तो दुसऱ्या संगणकावरही चालला नाही, तर उघडण्याऐवजी बदलून घ्यावा. जाणकाराला बोलावताना त्याला चार गोष्टी द्याव्यात: आठ अंकी संकेतांक, रीडरचे मॉडेल, कार्डाचे पहिले उत्तर, जे बहुधा ३बी किंवा ३एफ ने सुरू होते, आणि दोष आला त्या आधीच्या दहा ओळींची नोंद. कार्ड आणि पिन दोन्ही एकत्र त्याच्या हाती देऊ नयेत. पिन लागलाच, तर कार्डधारकाने समोर बसून स्वतः टाकावा.